डाव्या हातातलं रक्त

या, मित्रांनो, जवळ या. मागे उभे आहात त्यांनीही पुढे सरका, दप्तरं खाली ठेवा. कीर्तनाचे बुवा आधी मंडळींना नीट बसवून घेतात आणि मगच नमनाला उभे राहतात. हे मी ज्या माणसाकडून शिकलो, त्याची ही कथा आहे. थोडी माझीही आहे. आणि आणखी एका माणसाची आहे. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं रक्त माझ्या पोटातून गेलं. कथा गोड आहे असं म्हणणार नाही, पण ऐका.

मी एक जुना कलरीमीटर आहे. तुमच्या मुलुंडच्या या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, स्पिरिटमधल्या बेडकाशेजारी मी बसलेलो असतो. तुमच्यातले काही जण मला जुना रेडिओ समजतात. रागावत नाही मी. दिसतोच तसा.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहान कारखान्यात झाला. राखाडी पत्र्याची पेटी, तिच्यात एक छोटा दिवा, दिव्यापुढे रंगीत काच, काचेपुढे नळी उभी करायची जागा आणि वर एक काटा. एवढाच माझा संसार. रक्तातली साखर मोजायची असली की रक्तावर निवळून आलेल्या पिवळ्या पाण्यात औषध घालून नळी उकळत ठेवतात. नळीतलं पाणी हिरवं होतं. साखर जास्त असेल तर हिरवा गडद, कमी असेल तर फिका. माझ्या दिव्याचा उजेड त्या हिरव्यात जितका अडतो, तितका माझा काटा हलतो. हिमोग्लोबिनही मी असाच रंगावरून सांगतो. मला एवढंच येतं. रक्त कोणाचं, कुठून घेतलं, कसं घेतलं, हे मला कळत नाही आणि कोणी सांगतही नाही.

घाटकोपरच्या एका रुग्णालयात मी कामाला लागलो. नाव कशाला सांगू? वॉर्डाच्या टोकाला एक अरुंद खोली होती, तीच लॅब. तिथे जयवंतभाऊ होते. तपासणीचं सगळं काम त्यांच्या अंगावर. सकाळी आले की आधी कपाळावरचा बुक्का नीट करायचे, मग मऊ कापडाने माझी काच पुसायचे. खंडेनवमीला मला हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि म्हणायचे, "चुकू नको रे बाबा. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

कीर्तनाचं त्यांना भारी वेड. घराजवळच्या देवळात संध्याकाळी जे ऐकलं असेल, ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये यायचंच. नळ्या उकळत ठेवल्या की जयवंतभाऊंचं निरूपण सुरू. आख्यान रंगात आलं की चिमटा नळ्यांच्या लाकडी घोडीवर चिपळीसारखा वाजू लागे. डोळ्यांत पाणीही येई. मी ऐकत राही. भक्ताच्या हाकेला देव धावला की माझाही काटा हलल्यासारखा वाटे.

त्या आख्यानांना आणखी एक श्रोता होता. डॉक्टर पद्मजा मॅडम. वयाने तरुण, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर.

"जयवंतराव, देव भेटला का भक्ताला?"

"अजून वाटेत आहे, मॅडम."

"मग तो येईपर्यंत माझी साखर द्या."

"साखर काय, प्रसाद म्हणून देतो. हात पुढे करा."

असं त्यांचं चाले. पण मॅडमच्या मनात एक गोष्ट ठाण मांडून बसली होती. डोक्याला मार लागलेली माणसं आमच्याकडे फार येत. कोणी गाडीखाली आलेला, कोणी बांधकामावरून पडलेला. बेशुद्ध माणूस खाटेवर पडून राही आणि घरचे एकच विचारत, "उठेल ना हो?" डोक्याच्या आतलं दाखवणारं मोठं यंत्र आमच्या बाजूला कुठे नव्हतं. तेव्हा मॅडमना वाटलं, आपण रोज करतोच त्या साध्या तपासण्यांतून काही कळेल का? मेंदूला जबर दुखापत झाली की शरीर हादरतं आणि रक्तातली साखर चढते. मग पहिल्याच दिवशीची साखर पाहून पुढचं सांगता आलं तर?

दोन वर्षं त्या हेच बघत होत्या. ज्यांची साखर पहिल्या दिवशी फार चढलेली, त्यांतले बरेचसे उठले नाहीत. ज्यांची बेताची, त्यांतले बरेचसे उठले. मालन नावाची एक भाजीवाली रिक्षाची धडक बसून आली होती. सगळ्यांनी आशा सोडली. मॅडम माझा काटा बघून म्हणाल्या, "ही उठणार." आणि ती उठली! बरी होऊन घरी गेल्यावर एके दिवशी मेथीची जुडी घेऊन आली आणि ती थेट माझ्यापुढे ठेवली. "ह्याच मशीननं मला जगवलं ना?" जयवंतभाऊ हसले. मॅडमनी माझ्या पाठीवर थोपटलं.

मित्रांनो, यंत्रालाही गर्व होतो. मला झाला. पेटीला बसणारा धक्काही तेव्हा मला शाबासकीसारखा वाटे.

चौऱ्याऐंशी साल असेल. एके दुपारी कांजूरमार्गच्या एका माणसाला आणलं. नाव धोंडू. मूळचा मालवणकडचा. गिरणीत होता, संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मग इमारतींना रंग द्यायची कामं धरली. त्या दिवशी परांचीचा बांबू सरकला आणि धोंडू खाली डोक्यावर आदळला. आल्याबरोबर त्याच्या डाव्या हाताला ग्लुकोजची बाटली लागली. मागून बायको शकु आली, थोरला भाऊ खंडू आला.

खंडूने येताना घरात जपून ठेवलेला गावच्या देवाचा दोरा आणला होता. तो त्याने भावाच्या उजव्या दंडाला बांधला आणि सगळ्यांना बजावलं, "ह्येका कोणी हात लावूचो नाय. गावऱ्हाटीतलो, देवाचो दोरो हा."

थोड्या वेळाने जयवंतभाऊ सुई घेऊन गेले. तिथे काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून नंतर ऐकलं. रक्त काढायचं तर दंडाला रबराची नळी आवळावी लागते. त्यांनी उजवा हात धरला आणि दंडावर देवाचा दोरा दिसला. त्याला लावलेला अंगारा अजून ओला होता. शकु पायाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. जयवंतभाऊंचं मन भरून आलं. देवाच्या दोऱ्यावर रबर कसं आवळायचं? त्यांनी तिथेच हात जोडले, वळसा घालून पलीकडे गेले आणि डाव्या हातातून रक्त घेतलं. बाटलीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एरवी ते अशी चूक करते ना. पण त्या घटकेला ते लॅबवाले नव्हतेच, देवळातले जयवंत होते.

ती नळी माझ्या पोटात आली. हिरवा रंग इतका गडद की दिवा बुडाल्यासारखा झाला. काटा सरसर गेला आणि टोकाला टेकला. हिमोग्लोबिनही फार कमी निघालं. मी पाहिलं ते सांगितलं. त्या हिरव्यात धोंडूची साखर किती आणि बाटलीतली किती, हे मी कसं सांगणार होतो?

मॅडमनी आकडा ऐकला. त्यांचा चेहरा उतरला. "असंच वाटलं होतं मला," एवढंच म्हणाल्या. साखरेचा आकडा त्यांच्या मनातल्या हिशेबात नेमका बसला, म्हणून हिमोग्लोबिनचा त्यांनी नीट ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरच्यांना बाजूला घेतलं. त्यांना कळवळा नव्हता असं नका समजू. होता, म्हणूनच खोटी आशा लावायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वॉर्डाचं दार आमच्या खोलीला लागून, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"फार आशा ठेवू नका," मॅडम म्हणाल्या. "रक्ताच्या तपासणीवरून वाटतं, हे शुद्धीवर यायचे नाहीत."

खंडू म्हणाला, "मरूचोच आसा, तर गावच्या घरात मरूंदे. हय परक्या खाटेर मेलो, तर घरच्या म्हाताऱ्या आवशीक काय सांगू?"

"प्रवास झेपणार नाही त्यांना."

"नायतरी काय झेपणारा हा, बाय?"

आपल्याच शब्दांनी मॅडमचं तोंड बंद केलं होतं.

खंडू गाडी ठरवायला गेला आणि शकु आमच्या खोलीच्या दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने आधी जयवंतभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, ह्याच मशिनान सांगल्यान काय?"

"हो, वहिनी."

"पण तो माझो हात दाबता हा. मी हाक मारलंय की बोटां हलयता. डाक्टरीण बाय इली तेव्हा हलवल्यान नाय, म्हणान ती म्हणता तुमका भास जाता. माका भास नाय, भाऊ. ईस वर्सां तो हात धरलेलो हा मी."

भाऊ मान खाली घालून नळ्या पुसू लागले.

"तुमच्या मशिनाक परत एकदा इचारा मां."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी कधी असं काही विचारलं नव्हतं. सगळे मला विचारून निघून जात. पुन्हा विचारा म्हणणारी ती पहिलीच. नळी लावली असती, दुसऱ्या हातातलं चार थेंब रक्त आणलं असतं, तर घटकाभराचं काम होतं. माझा दिवा चालू होता. काच स्वच्छ होती. पण मला तोंड नाही.

जयवंतभाऊंनी तिची समजूत घातली. फार प्रेमाने घातली. "वहिनी, मशीन खोटं बोलत नाही. ते कोणाच्या बाजूचं नसतं. आता देवाचं नाव घ्या. तोच त्यांना सांभाळील."

ती माझ्याकडे बघत थोडी उभी राहिली. मग वळून गेली. दुपारच्या आत खंडूने कुठूनतरी मॅटाडोर आणली. आत गादी घातली, धोंडूला निजवलं आणि गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसल्या. नळ्या उकळत होत्या, पण निरूपण नव्हतं.

"नवऱ्याला घेऊन गेली बिचारी," मॅडम म्हणाल्या.

"तिने आपल्या परीने सगळं केलं हो," जयवंतभाऊ म्हणाले. "देवाचा दोरासुद्धा बांधला होता दंडाला. मला तो हात धरवेना. हात जोडले आणि सोडून दिला."

"कुठला हात?"

"उजवा."

मॅडम स्टुलावरून उठल्या. "मग रक्त कुठून घेतलंत?"

"डाव्या..."

"डाव्या हाताला ग्लुकोज चालू होतं, जयवंतराव."

पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. मग मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "म्हणून साखर तेवढी. म्हणून हिमोग्लोबिन कमी. रक्तात बाटलीतलं पाणी मिसळलेलं होतं. कुठे रक्त सांडलेलं नव्हतं, तरी एवढं कमी कसं, हे मी विचारायला हवं होतं. मी का नाही विचारलं?"

"मॅडम, मी..."

"तुम्ही नंतर बोला. आधी पळा!"

जयवंतभाऊ पांढऱ्या कोटातच धावले. फाटकाशी गाडी नव्हती. कांजूरमार्गला चाळीत गेले, खोलीला कुलूप. शेजाऱ्यांकडून गावाचं नाव घेतलं आणि तार केली. "तपासणी चुकली. आशा आहे. ताबडतोब परत आणा." मॅडमनी सांगितलेले शब्द. तार करून आले, तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

मग आम्ही वाट पाहिली. रोज सकाळी भाऊ माझी काच पुसत आणि वॉर्डाच्या दाराकडे बघत. स्ट्रेचर आलं की उठत. ते धोंडूचं नसे. कीर्तनाला जाणं त्यांनी सोडलं नाही, पण मॅडमनी विचारलं, "देव भेटला का?" तर नुसती मान हलवत. मग मॅडमनीही विचारणं सोडलं.

पावसाळा संपत आला तेव्हा शकु आली. एकटीच. कपाळ मोकळं होतं. जयवंतभाऊंनी तिला पाहिलं आणि हातातली नळी खाली ठेवली.

ती रागावून आली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं भाऊ पुढे कितीदा म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं. गावच्या ओसरीवर धोंडूने डोळे उघडले होते. पेज प्यायला. माणसं ओळखली. गावभर आनंदीआनंद झाला. देवाला नारळ दिले. आणि त्याच दिवशी पोस्टमन तार घेऊन आला.

"खंडूभावजी हसले," शकु म्हणाली. "म्हणाले, मरतलो म्हणान सांगल्यानी, तो बसान पेज खाता. आता परत आणा म्हणतत. ह्येंचा खरा तरी कधी मानूचा? तार चुलीत टाकल्यानी."

मग धोंडूला ताप भरला. छाती भरली. आमच्याकडे छाती भरलेले कितीतरी पेशंट सुया देऊन बरे झाल्याचं मी ऐकलं आहे. तिकडे दवाखाना खाडीपलीकडे. होडी मिळून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

जयवंतभाऊ तिच्या पायांशी बसले. सगळं सांगितलं. दोरा, डावा हात, बाटली. काही लपवलं नाही. "देवाच्या दोऱ्याला रबर लावायचं पाप नको म्हणून, वहिनी..."

शकु ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, माका इचारला असता तर मीच तो दोरो सोडून दिलो असतो. देव काय दोऱ्यात बसान ऱ्हवता?"

हे ऐकून त्या देवभोळ्या माणसाने भिंतीला डोकं टेकलं. एवढी कीर्तनं ऐकली होती त्यांनी. एवढी आख्यानं सांगितली होती. आणि जे त्यांना कळायला हवं होतं, ते त्यांना त्या बाईकडून ऐकावं लागलं, तेही अशा वेळी.

त्यानंतर आमच्या खोलीत रीत बदलली. डोक्याला मार लागलेल्याचं रक्त आलं की मॅडम आधी विचारत, "कुठल्या हातातलं?" तपासणी दोनदा होई. साखरेवरून काही कळतं, हा त्यांचा विश्वास गेला नाही. जायचं कारणही नव्हतं. पण पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून त्यांनी पुन्हा कोणाला घरी न्यायची वेळ येऊ दिली नाही. घरचं माणूस म्हणालं, "हात हलवतो," तर त्या खाटेशेजारी बसत आणि हलेपर्यंत थांबत. एकदा डॉक्टरांच्या बैठकीत त्या आपल्या अभ्यासावर बोलायला उभ्या राहिल्या आणि बरी झालेली मालन सोडून आधी धोंडूची हकीकत सांगितली. काहींना ते आवडलं नाही.

पुढे माझ्या जागी नवं यंत्र आलं. त्याला काटा नाही, आकडे आपोआप उमटतात. मला अडगळीत टाकलं. माझ्यावर धूळ बसली, आत मुंग्या झाल्या. भंगारवाला न्यायला आला, तेव्हा जयवंतभाऊंनी मला मागून घेतलं आणि स्वतः उचलून तुमच्या शाळेत आणून ठेवलं. निघताना काच पुसली. पण या वेळी "चुकू नको रे बाबा" म्हणाले नाहीत. चुकणारा मी नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्याने माझं समाधान मात्र होत नाही. बरोबर असूनही मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही. खरं सांगायचं तर, माझा आकडा बरोबर होता, म्हणूनच तो माणूस गेला.

मित्रांनो, यंत्रं जपा. काच पुसा, तारा तोडू नका. पण यंत्राने उत्तर दिलं म्हणून माणसाकडे पाठ फिरवू नका. मी रंग बघतो. हात कोणी दाबला, ते मला दिसत नाही. ते तुम्ही बघायचं. आणि भीड पडली, भक्ती आडवी आली, तरी एक शब्द विचारून घ्यायचा. विचारल्याने देव कधी रागावत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी जाता जाता शकु दारात थांबली होती. ओसरीवर डोळे उघडल्यावर धोंडू पहिलं काय बोलला, ते तिने सांगितलं. आधी वाशांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे वळून घाईघाईने म्हणाला, "शकु, कामाक उशीर झालो गो?"

हात नाहीत मला, नाहीतर जोडून सांगितलं असतं. संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लागला आणि तुम्ही आपल्या माणसांसाठी काही मागायला उभे राहिलात, की त्यांच्या नावांत हेही एक नाव घ्या. धोंडू. उठून कामाला निघाला होता तो.